सूड सोडला म्हणजे माफ केलं, असं नाही

समुपदेशनाला आलेली, नववीतल्या मुलाची आई विचारत होती, "सारखे ते सुपरहिरोचे सिनेमे बघतो. त्यातही एकच मारामारी, परत परत. आता म्हणतो, त्याला मी सोडणार नाही. हे सिनेमांमुळेच होतंय ना? बंदच करून टाकू का सगळं?"

हा प्रश्न पालकांकडून वारंवार येतो, सिनेमाचं नाव तेवढं बदलतं. या घरात वडिलांनी ओटीटीचं सबस्क्रिप्शन आधीच बंद केलं होतं. उपयोग शून्य, कारण हवा तो तुकडा मुलाच्या मोबाइलमध्ये सेव्ह होता. (ओळख पटू नये म्हणून इथले तपशील बदललेले आहेत.)

घडलं होतं ते असं. मुलगा बोलताना लहानपणापासून थोडा अडखळतो. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तो एका शब्दावर अडकला, आणि समोर बसलेल्या मित्राने नेमका तो क्षण मोबाइलवर घेतला. मित्र पहिलीपासूनचा, एका बाकावरचा. दोन दिवसांत त्या अडकलेल्या चेहऱ्याचं व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर झालं. वर्गाच्या ग्रुपवर कोणाचं गणित चुकलं, कोणी उशिरा उत्तर दिलं, की ते स्टिकर. नावही पडलं: 'बफरिंग'. तीन आठवड्यांनी आईला त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर एक यादी सापडली. काय करायचं, कोणत्या क्रमाने, कोणत्या तारखेला.

सूडाची भाषा कानावर आली की पहिल्या भेटीत सिनेमाकडे जायचं नसतं. आधी तपासायचं ते हे: बेत नुसता मनात घोळतोय की ठरलाय? तारीख आहे का? साधन हातात आहे का? आणि अंगाला इजा करण्याचा विचार आहे का, समोरच्याच्या किंवा स्वतःच्या? शेवटचा प्रश्न आडून विचारू नये, सरळ विचारावा. विचारल्याने मुलाच्या डोक्यात तो विचार जातो ही भीती खोटी आहे. 'हो' आलं, तर पुढचं सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायचं. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, चोवीस तास चालू आणि मोफत.

'त्याला फोडून काढीन' असं दिवसातून दहादा ओरडणारा मुलगा बहुधा नुसता चिडलेला असतो. गप्प राहून डूख धरणारा, तारीख लिहून ठेवणारा जास्त लक्ष देण्याजोगा. इथे तारीख होती: मित्राचा वाढदिवस. साधनही होतं: मित्राने दोस्तीच्या काळात पाठवलेल्या अकरा व्हॉइस नोट्स. काहींत एका शिक्षिकेची नक्कल होती, काहींत वर्गातल्या एका मुलीबद्दल नको ते बोलणं. त्या वाढदिवशी वर्गाच्या ग्रुपवर आणि त्या शिक्षिकेला पाठवायच्या, असा बेत. मारहाणीचा विचार नव्हता. जगू नये असं वाटत नव्हतं, पण शाळेत जाऊ नये असं रोज वाटत होतं.

त्याच्याकडून त्या दिवशी एकच गोष्ट कबूल करून घेतली. बेत रद्द करायचा नाही, चार भेटी होईपर्यंत पुढे ढकलायचा. 'रद्द कर' म्हटलं की मुलं तोंडावर 'हो' म्हणतात आणि बेत आणखी खोल दडवतात. 'पुढे ढकल' यावर घासाघीस करतात, म्हणजे बोलत राहतात. त्यानेही केली. चारच्या तीन भेटी झाल्या.

दुसऱ्या भेटीत त्याला म्हटलं, "दाखव तो सीन."

'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर', २०१६ सालचा. सायबेरियातल्या तळावर खलनायक झीमो टोनी स्टार्कला, म्हणजे आयर्न मॅनला, एक जुनं चित्रण दाखवतो. तारीख १६ डिसेंबर १९९१, निर्जन रस्ता, आणि टोनीच्या आईवडिलांना ठार मारणारा बकी, कॅप्टनचा जुना मित्र. बकी तिथेच उभा असतो. कॅप्टन सांगतो की तेव्हा त्याचा मेंदू त्याच्या ताब्यात नव्हता. टोनीला ते ऐकायचं नसतं. मग ती मारामारी.

"त्याला सांगतात की बकीचा दोष नाही," मुलगा म्हणाला, "तरी तो थांबत नाही. बरोबरच आहे ना."

आईच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या वाक्यात होतं. राग स्टिकरने आला होता. सिनेमात त्याला आपल्याइतकं चिडलेलं कोणीतरी सापडलं, आणि 'विसरून जा' म्हणणाऱ्याला न जुमानणारं. म्हणून बंदी घालण्याआधी पालकांनी एवढं करावं: कोणता सिनेमा यापेक्षा कोणता तुकडा मागे नेऊन बघतोय ते पाहावं, आणि त्या तुकड्यात तो स्वतःला कोणाच्या जागी ठेवतो ते विचारावं. तोच सिनेमा दोन मुलं दोन कारणांनी बघतात.

उरलेलं अर्धं उत्तर पालकांच्या बाजूचं आहे. तोच तुकडा रोज उगाळणं निरुपद्रवी नाही. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांचा २००२ सालचा एक प्रयोग या संदर्भात नेहमी सांगितला जातो. चिडवलेल्या विद्यार्थ्यांपैकी काहींना, ज्याने चिडवलं त्याचा विचार करत पंचिंग बॅगवर ठोसे मारायला दिले आणि काहींना नुसतं बसवून ठेवलं. ठोसे मारणाऱ्यांचा राग उलट जास्त राहिला. वाफ बाहेर गेली की कुकर थंड होतो, हा हिशेब रागाला लागू पडत नाही. या घरात मामांनी प्रेमाने दोन हजारांची बॉक्सिंग बॅग आणून गॅलरीत टांगली होती, आणि मुलाने तिच्यावर मित्राचं नाव मार्करने लिहिलं होतं. बॅग काढायला सांगितली नाही. नाव पुसायचं, हातात स्टॉपवॉच धरून फेऱ्या मोजायच्या आणि गाणी लावायची, म्हणजे डोकं व्यायामात राहील, एवढाच बदल. सीनसाठी वेळ ठरली: रोज संध्याकाळी सात ते सव्वासात. एकदाच, आणि मूळ सिनेमातून, सेव्ह केलेल्या तुकड्यातून नाही. त्यासाठी वडिलांना सबस्क्रिप्शन पुन्हा चालू करावं लागलं. ते नाखूश होते.

मूळ सिनेमातूनच का? कारण मोबाइलवर फिरणाऱ्या अशा तुकड्यांत नुसते ठोसे ठेवलेले असतात, मधलं सगळं कापून. त्याच वेळी बाहेर बर्फात काय चाललंय ते त्याच्या तुकड्यात नव्हतं.

बाहेर झीमो आणि टी-चाला आहेत. टी-चाला म्हणजे ब्लॅक पँथर, वाकांडाचा राजपुत्र, पोशाखाला धारदार पंजे असलेला. टी-चालाचा बाप व्हिएन्नातल्या स्फोटात गेला. स्फोट बकीने केला असं समजून तो जवळजवळ सगळा सिनेमाभर बकीच्या जिवावर उठलेला असतो, म्हणजे चुकीच्या माणसाच्या. आता खरा गुन्हेगार समोर एकटा, पाठमोरा बसलेला आहे. झीमो स्वतःची कथा सांगतो. अ‍ॅव्हेंजर्स या सुपरहिरोंच्या संघाच्या लढाईत सोकोव्हियात, त्याच्या देशात, त्याचे वडील, बायको, मुलगा गेले. अ‍ॅव्हेंजर्सना आपसांत भिडवायचं हाच त्याचा सूड, आणि तो आता पूर्ण झालाय. पूर्ण झाल्यावर तो काय करतो? बायकोचा जपून ठेवलेला आवाजी निरोप फोनमधून पुसतो आणि पिस्तूल स्वतःवर रोखतो. टी-चाला आपले पंजे मिटतो, झीमोची गोळी अडवतो आणि त्याला कायद्याच्या हवाली करतो.

हे बघून झाल्यावर मुलाला विचारलं, "टी-चालाने त्याला माफ केलं का?"

बराच वेळ गेला. "नाही," तो म्हणाला. "पण मारलं पण नाही."

या मधल्या जागेसाठी त्याच्या घरात शब्दच नव्हता. आजोबा म्हणत, 'क्षमा वीरस्य भूषणम्'. बाबा म्हणत, 'सोडून दे, अभ्यासाकडे बघ'. मामा म्हणत, 'एकदा दे ठेवून, परत वाट्याला जाणार नाही'. म्हणजे माफ करा नाहीतर वचपा काढा. चौदाव्या वर्षी या दोन पर्यायांत माफी म्हणजे हार वाटते. मग उरतो एकच.

खरं तर इथे तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि मोठी माणसंसुद्धा त्यांची गल्लत करतात. सूड सोडणं हा वागण्याविषयीचा निर्णय आहे: मी त्याला त्रास देणार नाही. तो आज, रागात असतानाही घेता येतो. माफ करणं ही आतली गोष्ट, राग हळूहळू ओसरण्याची; तिला महिने लागतात, वर्षंही. आणि पुन्हा मैत्री करणं तिसरंच. तिला समोरच्याचं वागणं बदलावं लागतं, एकट्याने होत नाही. क्षमेवर आयुष्यभर काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एव्हरेट वर्दिंग्टन यांनीही निर्णयाची क्षमा आणि भावनेची क्षमा वेगळी मानली आहे. त्यांच्या स्वतःच्या आईचा खून झाला होता, त्यामुळे हा फरक नुसता पुस्तकी नाही. क्षमेवरच काम करणारे दुसरे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एनराइट यांच्या पद्धतीतही माफ करण्याचा निर्णय दुसऱ्या टप्प्यावर येतो. पहिला टप्पा दुखलंय किती ते उघड करण्याचा. घरातला 'माफ कर' नेमका हा पहिला टप्पा गिळून टाकतो. या मुलाला 'नेमकं काय झालं, तुला कसं वाटलं' असं तोपर्यंत घरात कोणी विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी निकाल दिला होता.

तिसऱ्या भेटीत कागद-पेन. बेत पार पडला तर समाधान किती मिळेल, शून्य ते दहामध्ये: त्याच क्षणी, त्या रात्री, आठवड्याने, महिन्याने. त्याने लिहिलं: १०, १०, ९, ८.

"याआधी त्याला कधी काही केलं होतंस?"

केलं होतं. क्लासबाहेर उभ्या मित्राच्या सायकलच्या दोन्ही चाकांची हवा सोडली होती. त्याचे आकडे भरले: त्या क्षणी ९. रात्री ३, कारण समोरच्या मेडिकलवाल्याचा कॅमेरा आहे हे जेवताना आठवलं. आठवड्याने २. "त्याने सायकल ढकलत नेली, मला बघायला पण मिळालं नाही," हे कारण. अंदाजाची ओळ आणि अनुभवाची ओळ एकाखाली एक होत्या. त्यावर काही बोललं नाही. तो स्वतःच त्यांच्याकडे बघत राहिला.

इथे मुलाला खोटं सांगू नये. सूडात गोडी नसते असं सांगितलंत तर तो तुमचं पुढचंही ऐकणार नाही. झुरिकमध्ये झालेल्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात फसवणाऱ्याला शिक्षा देताना मेंदूतला बक्षिसाशी जोडलेला भाग जागा झालेला दिसला. गोडी खरी आहे. फसतो तो ती किती टिकेल याचा अंदाज. कार्ल्समिथ, विल्सन आणि गिल्बर्ट या मानसशास्त्रज्ञांच्या २००८ सालच्या प्रयोगांत दगा देणाऱ्याला शिक्षा करायची संधी मिळालेले लोक, ती न मिळालेल्यांपेक्षा नंतर जास्त नाराज होते, कारण ते त्याच माणसाबद्दल विचार करत राहिले. सूड घेतला की प्रकरण संपतं असं वाटतं. प्रत्यक्षात त्या माणसाची वर्गणी पुढच्या वर्षासाठी भरली जाते.

त्या कागदावर शेवटचा प्रश्न होता: ज्याने काहीच केलेलं नाही, असं या बेतात कोण सापडतं? आधी सिनेमासाठी उत्तर लिहायचं होतं. त्याने झटकन लिहिलं, 'टी-चालाचे बाबा'. झीमोचं भांडण अ‍ॅव्हेंजर्सशी. वाकांडाच्या राजाने त्याचं काही बिघडवलं नव्हतं, पण बकीला अडकवायला स्फोट हवा होता आणि राजा त्या इमारतीत होता. मग स्वतःच्या बेतासाठी. पेन थांबलं. "ती," तो म्हणाला. व्हॉइस नोटमधली मुलगी. तिचं नाव वर्गभर होणार होतं, आणि स्टिकरशी तिचा संबंध नव्हता.

इथे गोष्ट संपली असं वाटेल. नाही संपली. पुढच्या भेटीला तो आला तेव्हा अकरापैकी चार नोट्स काढून टाकल्या होत्या, तिचा उल्लेख असलेल्या. उरलेल्या सातवर बेत चालूच होता. मुलं अशीच बदलतात, हप्त्याहप्त्याने.

सात नोट्स सुटल्या त्या तक्रारीमुळे. सूड काढून घ्यायचा तर त्या जागी न्यायाची काहीतरी व्यवस्था ठेवावी लागते. टी-चालाकडे कायदा होता म्हणून त्याला पंजे मिटता आले. मुलाकडे काय आहे, हा पालकांनी स्वतःला विचारायचा प्रश्न. आईने वर्गशिक्षिकांना लेखी अर्ज दिला. अर्जात राग नाही, घटना: तारखा, तारीख-वेळ दिसणारे आठ स्क्रीनशॉट, मुलाने बुडवलेले शाळेचे दिवस. आणि तीन नेमक्या मागण्या: स्टिकर सगळ्यांनी काढावं, वर्गाला कोणाचं नाव न घेता समज द्यावी, व्हिडिओ घेणाऱ्या मुलाच्या पालकांना बोलवावं. 'योग्य ती कारवाई करावी' असं मोघम लिहिलेल्या अर्जावर मोघमच कारवाई होते.

तरी पहिल्यांदा बिघडलंच. मुख्याध्यापकांनी दोघांना खोलीत बोलावून हात मिळवायला लावले. 'दोस्त आहात ना? मिटवा आता.' दहा मिनिटांत मिटलं, आणि दुसऱ्या दिवशी स्टिकर दुसऱ्या ग्रुपवर. हे अनेकदा होतं. ज्याला माफी मागायची आहे त्याने काय केलं हे त्याच्या तोंडून आलेलं नसतं, आणि ज्याने माफ करायचं त्याला 'नाही' म्हणायची सोय नसते. मोठ्यांसमोर हात मिळवावा लागलेला मुलगा दुसऱ्यांदा अपमानित होऊन बाहेर पडतो. त्या आठवड्यात या मुलाचा सूडाच्या समाधानाचा आकडा पुन्हा १० वर गेला होता.

दुसरी बैठक वेगळी लावली: दोघं वेगवेगळ्या वेळी, मित्राच्या पालकांसह, आणि माफी लेखी. त्यात चार गोष्टी हव्यात, असं शिक्षिकांना सुचवलं होतं: मी नेमकं काय केलं, त्याने तुझं काय झालं, आता मी काय करणार आहे, आणि 'पण' नाही. मित्राच्या पहिल्या कागदात 'पण तू पण मला…' होतं. दुसऱ्यात 'तुला वाईट वाटलं असेल तर' होतं. तिसरा चालण्यासारखा निघाला. त्यात एक ओळ होती: 'व्हिडिओ मी काढला आणि दोघांना पाठवला.' त्या दोघांपैकी स्टिकर कोणी बनवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. वर्गाला समज दिल्यावर ते फिरायचं हळूहळू थांबलं, एकदम नाही.

यात आणखी एक गोष्ट इतके दिवस बाजूला पडली होती: अडखळणं. पाचव्या इयत्तेपासून ते आपोआप जाईल म्हणून घरचे थांबले होते. स्पीच थेरपिस्टकडे पाठवलं. तिथलं काम सावकाश चाललंय, पण सूडाच्या वहीला दुसरं काहीतरी लिहायला मिळालं.

माफीवर बोलणं झालं ते पाचव्या भेटीत, आणि तेही त्यानेच काढलं म्हणून. त्याने 'स्पायडरमॅन ३' पाहिला होता, २००७ चा. त्यात पीटर, म्हणजे स्पायडरमॅन, आपल्या काकांना मारणाऱ्या आणि वाळूचं रूप घेऊ शकणाऱ्या फ्लिंट मार्कोला शेवटी तोंडाने 'माफ केलं' म्हणतो. पण त्याआधी काय काय होतं ते मोजण्यासारखं आहे. काळ्या पोशाखातला पीटर मार्कोला मारून टाकल्याच्या समजुतीत घरी येतो आणि काकूला सांगतो. तिला बरं वाटेल अशी त्याची अपेक्षा असते. काकू हादरते. हा त्या सिनेमातला सगळ्यात उपयोगी सीन, आणि मारामारी नसल्याने सगळे तो गाळून पुढे जातात. मग पीटर स्वतः चुका करतो, लोकांना दुखावतो. शेवटी मार्को त्या रात्री काय झालं ते सगळं सांगतो आणि म्हणतो, माफी नकोय, फक्त समजून घे. मग माफी येते, दोन तास उलटून गेल्यावर.

"पण मग त्याला शिक्षा?" मुलाने विचारलं. मार्को वाळू होऊन वाऱ्यावर निघून जातो, पोलीस नाही, कोर्ट नाही. आक्षेप रास्त होता आणि तसंच त्याला सांगितलं. माफ केलं तरी शिक्षा होऊ शकते. सिनेमाने ते दाखवायचं टाळलं. टोनी स्टार्कचंही असंच. कॅप्टनशी त्याचा समेट व्हायला २०१९ चा 'एंडगेम' यावा लागतो, आणि बकीला त्याने माफ केल्याचं दृश्य पडद्यावर येतच नाही. सगळी खाती बंद होत नाहीत, हे पटकथाकारांनी सोडून दिलं की मुद्दाम ठेवलं, यावर त्याने वीस मिनिटं वाद घातला. एकाच शब्दावर तीनदा अडखळला, आणि बोलत राहिला.

आजोबा त्याला आणायला यायचे. त्यांना नातवाने 'स्पायडरमॅन: नो वे होम' समजावून सांगितला: स्पायडरमॅन खलनायकांना मारत नाही, त्यांच्यातला बिघाड दुरुस्त करून परत पाठवतो. आजोबा म्हणाले, पसायदानात तेच आहे, खळ जावोत असं नाही म्हटलेलं, त्यांची व्यंकटी सांडो म्हटलंय. नातू म्हणाला, "पण गॉब्लिनला त्याने आधी धुतला होता, आजोबा."

सहाव्या भेटीत कागद पुन्हा भरला. तीन रकाने होते: सूड, माफी, मैत्री. पहिल्यात त्याने तारीख घालून 'बंद' लिहिलं. सात नोट्स आईसमोर डिलीट केल्या होत्या, वाढदिवसाच्या दोन दिवस आधी. मैत्रीच्या रकान्यात 'एका बाकावर नाही. क्लासला चालेल.' माफीचा रकाना रिकामा होता. काही लिहायचंय का, असं विचारल्यावर त्याने पेन उचललं आणि लिहिलं, 'दहावीनंतर बघू.'